टेबलावर न मावलेली सूर्यमाला

मुलगी सातवीत गेली तेव्हा आम्ही तिला आमच्याकडे शहरात, रहाटणीला आणलं. तोवर ती लातूरकडे मामाच्या घरी वाढली, कारण इथं आम्ही दोघंही शिफ्टमध्ये. नव्या शाळेत पहिल्याच आठवड्यात ती आपल्या गावच्या बोलीत काहीतरी बोलली आणि सगळा वर्ग हसला. त्यानंतर तिनं वर्गात तोंडच उघडलं नाही. घरी एकच धोशा, "पप्पा, मला इथं करमंना गेलंय. मामाकडं सोडा." मी रोज उद्यावर ढकलत होतो. आता परत गेली की ती कायमची गेली, हे मला पक्कं ठाऊक होतं आणि त्या विचारानं जेवण जात नव्हतं.

अशात विज्ञान प्रदर्शन आलं. बाईंनी तिला सूर्यमाला दिली. ती म्हणाली, "हे चांगलं झालं तर ऱ्हाते." माझ्या अंगात वारंच शिरलं.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. पार्ट मोजायचे, ड्रॉइंगशी ताडायचे, केसाएवढा फरक निघाला तरी बाजूला काढायचे. दुकानात थर्माकोलची तयार सूर्यमाला मिळत होती, पण तिच्यात पृथ्वी गुरूच्या निम्मी आणि नेपच्यून जवळजवळ सूर्याला खेटून. असला माल मी पास करणार? छे! पृथ्वी एक मिलिमीटर धरली. त्या हिशेबानं सूर्य एकशे नऊ मिलिमीटरचा, म्हणजे सोलून, तासून पिवळा रंगवलेला नारळ. पृथ्वी मोहरीचा दाणा, गुरू रिठ्याची बी, नेपच्यून मिऱ्याचा दाणा. मापायचा वर्नियर लावून मी अर्धी वाटी मिरे रिजेक्ट केले. बायको म्हणाली, "मग आमटीत काय घालू, शनी?"

अंतरंही त्याच मापात हवीत. पृथ्वी सूर्यापासून पावणेबारा मीटरवर, गुरू साठेक मीटरवर, नेपच्यून थेट साडेतीनशे मीटरवर.

"पप्पा, टेबल तर एकच हाय," लेक घाबरत म्हणाली.

"तेच तर तुला सांगायचंय. बाकीच्यांची सूर्यमाला टेबलावर मावते. खरी मावत नाही."

सगळं भाषण पाठ करून घेतलं. घरी ती न अडखळता बोलायची.

प्रदर्शनाच्या दिवशी मला सेकंड शिफ्ट होती, म्हणून सकाळी शाळेत जाता आलं. वरच्या मजल्यावरच्या टेबलावर नारळ ठेवला. व्हरांड्याच्या टोकाला पुठ्ठ्यावर चिकटवलेली मोहरी, गुरू शाळेच्या फाटकापाशी. नेपच्यून घेऊन मी स्वतः रस्त्यानं सरळ चालत गेलो, मीटर मोजत, आणि एका गॅरेजसमोर थांबलो. ठरलं असं होतं की परीक्षक आले की तिनं खिडकीतून बोट दाखवायचं आणि मी हात हलवायचा. तासभर मी तिथं तळहातावर मिरा घेऊन उभा होतो. खरं सांगतो, मला अभिमान वाटत होता.

खिडकीत कोणीच दिसेना म्हणून परत आलो तर परीक्षक कधीच पुढे गेले होते. शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "काका, सरांनी विचारलं, ग्रह कुठे आहेत? ती काहीच बोलली नाही. मग सर म्हणाले, हा नारळ इथे कोणी ठेवला? सगळे हसले."

लेक भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिच्या हातापाया पडावं असं वाटत होतं, आणि तोंडातून निघालं भलतंच, "अगं, सगळं पाठ होतं ना तुझं? खिडकीतून बोट दाखवायचं होतं!"

"दाखवलं की," ती म्हणाली. "तुमी दिसलाच न्हाईत."

एकही माप चुकलं नव्हतं आणि माझ्या पोरीला तिथं एकटं उभं करून मी साडेतीनशे मीटर लांब जाऊन थांबलो होतो.

"तुमी बाजूला असता तर बोलले असते मी," ती म्हणाली. मग डोळे पुसून तिनं हात पुढे केला, "मामाला फोन लावून द्या."

मी लावून दिला.