इमर्जन्सीचा रकाना

खराडीच्या आमच्या ऑफिसात कोणी कुठली माहिती उघडली, कधी उघडली, काय बदललं, हे सॉफ्टवेअर आपलं आपण टिपून ठेवतं. त्याला ऑडिट लॉग म्हणतात. तो तपासायचं काम माझ्याकडे. आता असल्या बाईला जेवायला कोण बोलावणार? बारा वर्षं मी डबा एकटीने खाल्ला. वाईट वाटायचं, पण दाखवायची सवय नव्हती.

अशात एचआरमध्ये कंत्राटावर एक बाई आल्या. साधारण माझ्याच वयाच्या, स्वारगेटला राहणाऱ्या. नवरा आजारपणाने घरी, त्यामुळे घर यांच्याच नोकरीवर चालायचं. पहिल्याच आठवड्यात त्या डबा घेऊन सरळ माझ्यासमोर येऊन बसल्या. विचारलंसुद्धा नाही. दोन महिने भाकरी त्यांची आणि शेंगदाण्याची चटणी माझी.

एक दिवस जेवता जेवता त्यांनी विषय काढला. कंपनीतल्या माझ्या माहितीत, इमर्जन्सीला कोणाला कळवायचं त्या रकान्यात, मी माझाच दुसरा नंबर दिला होता. चक्कर येऊन पडलात तर फोन तुम्हीच उचलणार का, असं त्यांनी हसत विचारलं. माझं डोकंच फिरलं. तो रकाना रिकामा सोडता येत नाही, आणि आई गेल्यावर लिहायला दुसरा नंबरच नव्हता. हे सांगायचं सोडून, माझ्या भानगडीत पडू नका, असं मी तोडून बोलले आणि डबा उचलून जागेवर आले. तेव्हापासून अबोला.

महिन्याभराने वरून निरोप आला. लेखी अर्ज नसताना कोणी कर्मचाऱ्यांची माहिती बदलली आहे का, त्याची यादी काढा. सापडेल त्याची गय नाही. यादीत एकच ओळ निघाली. बदलणाऱ्या त्या, आणि बदललेली माहिती माझी. तारीख आमच्या भांडणाच्या दुसऱ्या दिवसाची. नेमकं काय बदललं ते बघायला ओळीवर फक्त एकदा क्लिक करायचं असतं. मी केलं नाही. खुन्नस काढतेय बया, म्हटलं, आणि यादी तशीच पाठवून दिली. कंत्राट जाणार हे मला ठाऊक होतं. खोटं कशाला बोलू, तेव्हा बरंच वाटलं.

चौकशीवाल्यांना काय बदललं यात रस नव्हता. अर्ज नाही, एवढं त्यांना पुरे होतं. त्या नुसतं 'चुकून झालं' म्हणाल्या, असं कानावर आलं. आठवड्यात त्यांचं टेबल रिकामं झालं. मी पुन्हा एकटी जेवायला लागले.

दोन महिन्यांनी, भर दुपारी, ऑफिसच्या जिन्यात मला खरंच चक्कर आली. डोळे उघडले तेव्हा रिसेप्शनच्या सोफ्यावर होते. तिथली मुलगी म्हणाली, तुमच्या घरी फोन केलाय, येताहेत. मला हसू आलं. कुठलं घर? माझा दुसरा फोन तर माझ्याच ड्रॉवरमध्ये पडलेला होता.

पाऊण तासाने काचेचं दार ढकलून त्या आत आल्या. घामाघूम झालेल्या, हातात साखर-मिठाच्या पाण्याची बाटली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

त्यांनी मला कात्रजला घरी सोडायला रिक्षा केली. स्वारगेटला सिग्नल लागला तेव्हा मी म्हटलं, इथेच उतरा, जाईन मी. त्यांनी ऐकलं नाही. सिग्नल सुटल्यावर मी कसंबसं सांगितलं, की ती यादी मीच पाठवली होती.

"माहितीये. उघडून बघायचं तरी होतंत."

चौकशीत खरं का नाही सांगितलंत, असं मी विचारलं. कदाचित नोकरी वाचली असती.

"चार माणसांत काय सांगायचं?" त्या म्हणाल्या. "ह्या बाईंना कोणी नाही, असं?"