मावशीचा अंगठा आणि नवं विमान

माझी मावशी विमान चालवते, आणि इतकी वर्षं ते मुख्यतः अंगठ्याने चालवत आली. तिच्या जुन्या विमानात नाक जड वाटू लागलं की सुकाणूवरचं बटण अंगठ्याने दाबायचं. मग गुडघ्याशेजारचं मोठं चाक खडखडत फिरतं आणि हातावरचा भार उतरतो. याला ट्रिम करणं म्हणतात. नोकरीभर हेच केल्यावर अंगठा स्वतंत्र विचार करू लागतो. भाजी ढवळतानाही ती पळी ट्रिम करायची.

मग कंपनीने ती विमानं काढून टाकली आणि मावशीला दुसऱ्या जातीच्या विमानाच्या परीक्षेला बसवलं. नापास झाली तर उरलेली नोकरी जमिनीवर, खुर्चीत. नव्या विमानात ट्रिम आपोआप होतं. हातात एक छोटासा दांडा असतो, आणि त्यावर अंगठ्याखाली लाल बटण. ते दाबलं की ऑटोपायलट बंद होतो आणि भोंगा वाजतो.

सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये, सराव करताना अंगठा सवयीने त्याच बटणावर जायचा, आणि भोंगा इतका वाजला की शिक्षक बाहेरूनच म्हणत, "आल्या वाटतं बाई."

काकांनी अंगठ्याला चिकटपट्टी लावली. "कापूनच टाकू का गं?"

"टाका. मग बरण्यांची झाकणं तुम्हीच उघडा."

"ती आत्ता कोण उघडतं?"

परीक्षेच्या दिवशी सिम्युलेटरमध्ये परीक्षकांनी गुपचूप विमानाचे संगणक बंद पाडले. ऑटोपायलट आपणहून गेला. मावशीच्या अंगठ्याला बिघडवायला काही उरलंच नाही. पडद्यावर सूचना आली: ट्रिम हाताने करा. चाक या विमानातही असतं, पण ते एरवी आपलं आपण फिरतं. शेजारच्या तरुण सहवैमानिकाने त्याच्याकडे शेजाऱ्याच्या कुत्र्याकडे बघावं तसं बघितलं.

"मॅडम, याला हात लावायचा?"

"अरे, लावायचा म्हणजे काय! सरक!"

मावशीने चाक धरलं आणि नाक अलगद जागेवर आणलं.

"मॅडम, तुम्ही गाताय?"

"तू वेग वाच रे!"

विमान धावपट्टीवर टेकलं. परीक्षक हसू दाबत म्हणाले, "पास. पण पुढच्या वेळी गाणं उतरल्यावर."

मावशी जी घरी आली ती चपलांसकट सोफ्यावर चढली आणि सगळं पहिल्यापासून सांगू लागली. संध्याकाळपर्यंत ते विमान आमच्याकडे कितीदा तरी सुखरूप उतरलं. दर खेपेला वारा मात्र जरा वाढतच होता.