मोहाच्या झाडाला टांगलेला डबा

माझे बाबा भित्रे होते. हे मी त्यांची निंदा म्हणून लिहीत नाही, ते स्वतःच चारचौघांत सांगायचे. घरात विंचू निघाला की ते शेजारच्या मावशीला हाक मारत आणि स्वतः खाटेवर पाय घेऊन बसत. विहिरीत डोकवायचं तर मागून कोणीतरी त्यांचा सदरा धरावा लागे. वीज कडाडू लागली की आम्हा सगळ्यांना आत ओढून घेत, दाराला कडी लावत, आणि मग आईलाच विचारत, "कडी लागली ना बरोबर?" अशा माणसाला नोकरी मिळाली ती थेट जंगलात.

आम्ही आरमोरीला राहायचो. ऐंशीनंतरची ती वर्षं. बाबा बांबूच्या कूपावर राखणदार होते. कूप म्हणजे तोडीसाठी आखून दिलेला जंगलाचा तुकडा. तिथे तोडलेल्या बांबूचे ढीग लावलेले असत आणि त्यांना आग लागू नये, कोणी ते चोरून नेऊ नये म्हणून बाबांना तिथल्या झोपडीतच राहावं लागे. घरी येत ते शनिवारी संध्याकाळी, आणि रविवारी दुपारच्या गाडीनं परत जात. निघताना रोज जाणाऱ्या माणसासारखे सहज निघत, पण चहाची बशी त्यांच्या हातात वाजायची. ती बशी आईही पाहायची, मीही पाहायची.

त्यांच्या पोटाची सोय आईनं लावली होती. सकाळी आतल्या गावांकडे जाणाऱ्या बसमध्ये ती तीन खणांचा डबा द्यायची. बसचे ड्रायव्हर आमच्याच मोहल्ल्यामागे राहणारे चाचा. कूपाकडे जाणारी वाट जिथे सडकेला मिळते त्या फाट्यावर ते गाडी थांबवत आणि डब्याची पिशवी एका झाडाला टांगत. दुपारी बाबा कूपावरून चालत येत, डबा नेत, जेवून तो नाल्यावर राखेनं घासत आणि ऊन उतरल्यावर परत आणून टांगून जात. संध्याकाळी परतीच्या गाडीत तो रिकामा डबा आमच्याकडे यायचा. कधी त्यात मूठभर चारोळी, कधी बोरं, एकदा तर मोराचं पीस निघालं होतं.

तो डबा म्हणजे आमचं टपाल होतं. डबा घासून आला म्हणजे बाबा धड आहेत. संध्याकाळ झाली की आई, मी आणि धाकटा भाऊ असे तिघं स्टँडवर जाऊन उभे राहायचो. गाडी लांबून दिसली की आई माझा हात घट्ट धरायची आणि डबा हातात आला की सोडायची. मग घरी येऊन बुद्धवंदना म्हणायची, त्यानंतर जेवण. डबा येईपर्यंत घरात कोणी घास तोंडात घालत नसे. भाऊ भुकेनं भोकाड पसरायचा, तरी नाही. हे बाबांना माहीत होतं, कारण भावानंच एका रविवारी त्यांच्याकडे तक्रार केली होती.

डबा टांगायला ते झाड बाबांनीच निवडलं होतं. सावली चांगली, अन्न उन्हात विटायचं नाही. झाड मोहाचं होतं. ते निवडलं तेव्हा हिवाळा होता, आणि हिवाळ्यात मोह म्हणजे नुसतं झाड. या मुलखात जन्म काढलेली आम्ही माणसं, उन्हाळा लागताना मोह टपटप गळतो आणि अस्वलं त्याच्यापायी वेडी होतात हे पाळण्यातल्या पोरालाही माहीत. पण चाचा, बाबा, आई, कोणाच्याही डोक्यात आलं नाही की आपण अस्वलाच्या पानात आपलं जेवण वाढून ठेवतो आहोत.

मोह गळू लागला तेव्हाच्या एका सोमवारी संध्याकाळी गाडी आली आणि चाचा खाली उतरले. एरवी ते खिडकीतूनच डबा द्यायचे. त्यांच्या हातातली पिशवी चिंध्या झालेली होती.

"भाभी, झाडाखाली पडून होता," ते म्हणाले. "भात सांडलेला. मी हॉर्न मारला, लय मारला. माणूस काई दिसला नाई."

डब्याचे वरचे दोन खण चेपले होते. खालच्या खणाला दोन भोकं होती, खिळा ठोकावा तशी. आईनं डबा नाकाशी नेला. मग आतून बोट फिरवलं. बोटाला अंबाडीची भाजी लागली.

"घासला नाई," ती म्हणाली.

एवढंच म्हणाली, पण मला कळायचं ते कळलं. डबा घासलेला नाही म्हणजे बाबा तो न्यायला पोचलेच नाहीत. ते निघालेच नसतील, किंवा निघाले असतील आणि वाटेत... अस्वलानं चेहरा ओरबाडलेला एक माणूस बाजारात पानं विकायला बसायचा. मी नेहमी त्याच्याकडे न बघता जायची. त्या संध्याकाळी डोळे मिटले की तोच दिसे, आणि त्याच्या अंगात बाबांचा सदरा. 

घरी आईनं वंदना दोनदा म्हटली. आम्ही कोणी जेवलो नाही.

सकाळी भावाला शेजारच्या मावशीकडे ठेवून आई माझ्यासह त्याच गाडीत बसली. मला का नेलं असं पुढे मी तिला विचारलं, तर म्हणाली, "एकटीनं पायलं असतं तं मी तिथीच बसली असती. तुले घरी आणायचं म्हणून तरी उठली असती." म्हणजे काय पाहावं लागेल हे तिनं मनाशी धरलेलंच होतं.

फाट्यावर मोहाखाली एक म्हातारी गोंड बाई टोपलीत फुलं वेचत होती. चाचांनी तिला आमच्याबद्दल सांगितलं. गाडी भरलेली, त्यांना थांबता येईना. म्हातारीनं आधी झाडाकडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि म्हणाली, "मोवाले कोनी जेवन टांगते?"  तिनं टोपली उचलली, हातात काठी घेतली आणि आमच्यापुढे चालू लागली.

"बोलत चाला," ती म्हणाली. "मोठ्यानं. चुपचाप माणूस अंगावर आला का अस्वल भेते, मंग धरते."

आईच्या तोंडून शब्द निघेना. मी दहा वर्षांची, मला तरी काय बोलावं ते सुचेना. आईनं माझ्या पाठीत थापटी मारली. "पाढे म्हन."

मग मी पाढे सुरू केले. बे एके बे, बे दुणे चार. घसा ताणून, शाळेत गुरुजींपुढे कधी म्हटले नसतील असे. दोन्ही बाजूंना बांबूची दाट बेटं, वाऱ्यानं ती एकमेकांना घासली की कोणी दात खातंय असं वाटे. पाचोळ्यात काही सळसळलं की माझा आवाज चिरकायचा, आणि आई मागून पुन्हा थापटी मारायची. पाढा तुटला की काहीतरी होईल असं माझ्या मनानं घेतलं होतं. सात संपले, आठ संपले, दहा संपले, वाट काही संपेना. अकरा, बारा. तेराला मी नेहमी अडायची. तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस, तेरा त्रिक एकोणचाळीस, तेरा चोक बावन्न, तेरा पाचे पासष्ट, आणि पुढचं आठवेना. मी पुन्हा पहिल्यापासून धरलं. पुन्हा तिथेच अडले. रडत रडत तिसऱ्यांदा सुरू केलं.

तेव्हा समोरच्या वळणावरून कोणीतरी ओरडलं.

बाबा होते, माझा आवाज ऐकून निघालेले. एका पायावर लंगडत, बांबूचा टेकू घेत, अंगात नुसती बनियन. त्यांच्या मागून बांबू तोडणारे दोन मजूर कुऱ्हाडी घेऊन धावत येत होते. बाबांचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं ते मला उचलून घेतील. ते आईवर खेकसले. आयुष्यात मी त्यांना आईवर खेकसताना तेवढं एकदाच ऐकलं.

"पोरीले घेऊन इथी? काऊन आणलं तिले इथी?"

 चेपलेला डबा आईनं सोबत आणला होता, तो त्यांच्यापुढे धरला. बाबांनी भोकं पाहिली आणि काय झालं ते सांगितलं.

आदल्या दुपारी ते डबा न्यायला निघाले होते. झाड दिसू लागलं तेव्हा अस्वल पिशवी फाडत होतं. ते पळाले, ओघळीत पडले, पाय मुरगळला, रांगत झोपडीत गेले आणि दार लावून बसले. "भेकड आहो मी," असं त्यांनी आम्हाला सांगितलं, जसं काही आम्हाला नवीनच होतं. आईला हसू फुटलं आणि त्यातच ती रडायला लागली.

खरी गोष्ट कळली ती झोपडीवर गेल्यावर. तिथे मजुरांच्या बायका मोठ्या गंजात भात शिजवत होत्या. एकीनं आम्हाला पानावर भात वाढला आणि बोलता बोलता बाबांबद्दल म्हणाली, "आमी भाऊले रोज मंतो, इथीच जेवा. सगळ्यायचा शिजतेच. नाई मंते. डबा रिकामा गेला पायजे, नाई तं घरी कोणी जेवत नाई मंते. मंग जाते एकलेच. जाताना पाय लटलट कापते त्याइचे."

आईचा हात पानावरच थांबला. मीही बाबांकडे पाहिलं. ते पायाला बांधलेली चिंधी सोडून पुन्हा बांधत होते. आम्ही स्टँडवर उभ्या राहून ज्या डब्यावर जीव टाकत होतो, तोच डबा त्यांना दिवसातून दोनदा त्या वाटेवर ओढत होता. आमची भीती जावी म्हणून हा भित्रा माणूस रोज चार वेळा ते जंगल तुडवत होता, आणि याबद्दल एका अक्षरानंही कधी बोलला नव्हता.

"उद्यापासून डबा नाई," आई म्हणाली. "तुमी इथी जेवा. आमी घरी जेवू. शनिवारी या."

बाबांनी मान डोलावली. मजुरांनी कुऱ्हाडी घेऊन आम्हाला सडकेपर्यंत पोचवलं.

दुसऱ्या दिवशी डबा गेला नाही. आईनं दिवे लागायच्या आत आम्हाला वाढलं आणि स्वतःही समोर बसली.  जेवून आम्ही तरीही स्टँडवर गेलो. चाचांनी दुरूनच हात हलवला, म्हणजे काही खबर नाही.  रोज संध्याकाळी संपणारी भीती आता शनिवारपर्यंत पुरवायची होती. त्या रात्री भाऊ झोपेत बाबांना हाका मारायला लागला.

मग गुरुवारी गाडी आली आणि चाचांनी खिडकीतून पळसाच्या पानांचा एक द्रोण बाहेर काढला. वरून दुसरं पान काडीनं टाचलेलं. आत चारोळी होती.

"तुमचा माणूस उभा होता फाट्यावर," चाचा म्हणाले. "लंगडत आला. मोवापासून दूर, सागाखाली. बोलला, घरी सांगा, ठीक आहो."

आई स्टँडच्या ओट्यावर बसली. द्रोण मांडीवर, डोळे सडकेकडे. "हा माणूस ऐकत नाई," ती म्हणाली.

शुक्रवारी सकाळी तिनं डबा काढला. चेपलेले खण वरवंट्यानं ठोकून सरळ केले. खालच्या खणात कोरडी भाकरी ठेवली, म्हणजे भोकांतून काही गळायला नको. "जायचं नाई म्हटलं तरी जाऊन राह्यले," भाकरी दुमडत ती म्हणाली, "तं उपाशी तरी कायले जावं."  चाचांना तिनं बजावून सांगितलं, मोहाला नाही, सागाला टांगा.

शनिवारी बाबा घरी आले. पायाची सूज उतरली नव्हती. आईनं गरम पाण्यात त्यांचा पाय ठेवला. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, शाळेत तेराच्या पुढचे पाढे झाले का.

मी म्हटलं, "तेराचाच येत नाई. काऊन?"

त्यांनी आईकडे चोरून पाहिलं. ते चौथीपर्यंत शिकलेले, त्यांना दहापर्यंतच यायचे.

"मलेबी शिकव," ते हळूच म्हणाले. "मी वाटेनं मोठ्यानं मंत जातो. पण दहापर्यंतचे झाडापर्यंत पुरत नाईत."