आत्याच्या बोटावरची खळ

मी ज्या दवाखान्यात नवीन डॉक्टर म्हणून लागले होते, तिथेच आत्याला भरती केलं. ताप उतरेना. मलेरिया नाही, डेंग्यू नाही, आणि मनगटं, बोटं सुजून टम्म. तिला पाण्याचा पेला धरवेना. सक्करदऱ्याच्या आमच्या गल्लीत हातमागावर बसणारी ती एकटीच उरली होती.

"बोटं अशीच राह्यली त माग विकून टाका," ती म्हणाली. मला तिचा असा राग आला!

तिचे हात उलटून पाहिले, तर तळव्यांवर लालसर पुरळ. तळपायांवरही. हे मी फक्त पुस्तकात वाचलं होतं.

"आत्या, तुले उंदीर चावला का?"

"नाही वं. मले काहून चावते तो?"

करंगळीवर भरून आलेली बारीक खूण होती. मी त्यावर बोट ठेवलं. "मग हे?"

"हे चावनं थोडीच हाये? ताण्याले खळ लावली अन् तशीच निजली. खळ खाता खाता दात लागला त्याचा."

भाताची खळ लावलेल्या सुतावर उंदीर येणारच, म्हणून राखणीला ताण्याशेजारी निजायची आमच्याकडे रीत. खळीने माखलेली बोटं उंदरांनी कुरतडली तर त्याला कोणी चावणं म्हणत नाही. त्याच घरात वाढलेल्या मलाही ते कधी चावणं वाटलं नव्हतं.

मी धावतच मोठ्या डॉक्टरांकडे गेले. "सर, रॅट बाइट फीव्हर!" त्यांनी हात पाहिले, हृदयाचे ठोके ऐकले, रक्त तपासणीला पाठवलं. हा जंतू लॅबमध्ये सहजासहजी वाढत नाही, तेव्हा काय शोधायचंय तेही कळवलं. पेनिसिलिनची ॲलर्जी नसल्याची खात्री करून घेतली आणि म्हणाले, "रिपोर्टसाठी थांबू नका. पेनिसिलिन शिरेतून सुरू करा."

आत्या कण्हत होती आणि मी आनंदाने नुसती उडत होते. या दुखण्याला औषध होतं!

ताप उतरला, सूजही ओसरत गेली. एका सकाळी मी नाडी बघायला वाकले, तर तिने माझा कान पकडून जोरात पिळला.

"मी मरून राह्यली होती अन् तू हासत होती, नाही वं?"

कान चांगलाच दुखला. मी म्हटलं, "आत्या, आणखी जोरात पिळ."