पाणी न घालता नाव

आमच्या ख्रिस्ती मंडळीत कुलपात ठेवलेली वस्तू एकच, बाप्तिस्म्याचं रजिस्टर. किल्ली माझ्याकडे असे, कारण चिटणीस मी होते, आणि पाळकसाहेबांकडे किल्ली ठेवली असती तर पहिल्या मागणाऱ्याला त्यांनी ती दिली असती.

नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं होती ती. बोनकोडे गावाला लागून तळमजल्यावरच्या दोन खोल्या आम्ही भाड्याने घेतल्या होत्या. रविवारी तिथे उपासना आणि सोमवार ते शुक्रवार बालवाडी. बालवाडी पाळकीणबाई चालवायच्या. तिथल्या तीसेक मुलांत ख्रिस्ती चार. बाकीची गावातली आणि नव्या इमारतींत राबणाऱ्यांची. गावात पाळकसाहेबांना सगळे 'फादर' म्हणत. "अहो, मी फादर नाही, मला बायको आहे," असं ते समजावून सांगत. मग लोक पाळकीणबाईंना 'फादरची बायको' म्हणू लागले. शेवटी त्यांनी तो नाद सोडला.

एका मे महिन्यात उपासना संपता संपता गावातली एक बाई दारात येऊन उभी राहिली. तिची मुलगी आमच्या बालवाडीत दोन वर्षं काढून झाली होती. कडेवर तान्हं बाळ होतं.

"बाय, त्या वहीत माज्या पोरीचं नाव लिवा."

"कुठल्या वहीत?"

"कुलपातल्या."

चौकशी केल्यावर उलगडा झाला. शेजारच्या इमारतीतल्या एका ख्रिस्ती कुटुंबाच्या मुलीला शाळेने बाप्तिस्म्याच्या दाखल्यावरची जन्मतारीख धरून पहिलीत घेतलं होतं. हिची मुलगी जन्मली माहेरी, खाडीपलीकडच्या गावात, सुईणीच्या हातून. नोंद कुणी केलीच नव्हती. मुलीचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला पोचतो, म्हणजे वय झालं, हे तिने शाळेत करून दाखवलं, तर तिथला क्लार्क म्हणाला, आता कान चालत नाही, कागद लागतो.

"अगं, त्या वहीत बाप्तिस्मा झालेल्यांचीच नावं असतात," मी म्हटलं.

"मना ठावं हाय. पानी नका घालू. नुस्तं नाव लिवा."

पाळकसाहेब विरघळले. त्यांना विरघळायला फारसं काही लागत नसे. "रजिस्टरमध्ये नको," ते म्हणाले, "पण मंडळीच्या कागदावर एक पत्र दिलं तर? मुलीला आपण दोन वर्षं ओळखतो."

"ओळखतो. जन्मली तेव्हा तुम्ही तिथे होतात का?"

"तुम्ही प्रत्येक गोष्टीवर बोट ठेवता, बाई."

"मी सरकारी नोकरीत आहे, पाळकसाहेब. बोट ठेवण्याचाच पगार मिळतो मला."

मी बेलापूरच्या एका कचेरीत क्लार्क होते. वर्ष उलटून गेलेला जन्म कसा नोंदवायचा हे मला माहीत होतं. आधी गावातून 'नोंद आढळली नाही' असा दाखला, मग प्रतिज्ञापत्र, मग दंडाधिकाऱ्यांचा आदेश. मी म्हटलं, मी करून देते. प्रतिज्ञापत्रात तारीख लागते.

"तारीख काय?"

"गौरी गेल्या, त्याच्या दुसऱ्या दिशी."

"कुठल्या वर्षी?"

तिने एक वर्ष सांगितलं, सासूने दुसरं. नवरा म्हणाला, या दोघी सांगतील ते. शेवटी आठवलं की दिराच्या लग्नात ती पाच महिन्यांची पोटुशी होती. ट्रंकेच्या तळातून लग्नाची पत्रिका निघाली आणि साल लागलं. आमच्या शेजारच्या काकू जुनी कॅलेंडरं पुस्तकांना कव्हरं घालायला ठेवायच्या. त्या सालाचं कॅलेंडर मिळालं, पण नेमकं हवं ते पान गायब. ते त्यांच्या मुलीच्या भूगोलाच्या पुस्तकावर सापडलं. कव्हर सोडवून मी तारीख लिहून घेतली, पुन्हा घातलं आणि बोटांवर हिशेब केला. शाळेला जूनमध्ये पाच वर्षं पूर्ण हवी होती. मुलीला तीन महिने कमी पडत होते.

हे मी पाळकसाहेबांसमोर त्या बाईला सांगितलं. तिला काहीच आश्चर्य वाटलं नाही.

"मंग गौरीच्या जागी शिमगा लिवा."

"खोटं प्रतिज्ञापत्र? त्यावर ओळखीची सही माझी आहे. नोकरी जाईल माझी."

"तुमची नोकरी जाईल, आन माजी पोर?" ती म्हणाली. "ही झाली तवा थोरली तिसरीत हुती. हिला बगाया थोरलीला घरी बसवली. सा म्हैनं, म्हनलं. आता ती माज्यासंगं भांडी घासाया येते. या बारक्याला कोन बगंल? शालंत नाय गेली तं हीच. तुमी खरं लिवा बाय, लिवा."

पाळकसाहेब माझ्याकडे बघत राहिले. शिमगा लिहून टाका, असंच त्यांच्या तोंडावर होतं. मला दोघांचाही राग आला. हे सगळं तिने पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर मी लोकांच्या घरी भूगोलाची कव्हरं काढत बसले नसते.

"शिमगा लिहिणार नाही," मी म्हटलं. "ती अजून एक वर्ष बालवाडीत बसेल. आणि हे बाळही इथेच आणून टाक."

"आमेन," पाळकसाहेब म्हणाले. जणू मंडळीच्या पंचांच्या बैठकीत ठराव पास झाला.

झाला नव्हता. पुढच्या बैठकीत एका वयस्कर पंचांनी मला विचारलं, "हे प्रभूचं मंदिर आहे की पाळणाघर?" जुलैतला ओलावा, लंगोट वाळेनात, म्हणून पाळकीणबाईंनी व्यासपीठाच्या मागे दोरी बांधली होती. शनिवारी संध्याकाळी ती सोडणं माझ्याकडे आलं. एका रविवारी मी विसरले आणि सगळा उपदेश मंडळीने त्या दोरीकडे बघत ऐकला. दिवाळीपर्यंत तान्ही चार झाली. गावात त्याला 'फादरचा पालना' म्हणायला लागले. पाळकसाहेब एकालाही नाही म्हणाले नाहीत. झोळ्या धुणं त्यांच्याकडे नव्हतं.

नोंदणीसाठी मला चार अर्ध्या रजा टाकाव्या लागल्या. मुलीच्या नावातला 'ण' आईने 'न' म्हणून सांगितला आणि टायपिस्टने तसाच उतरवला. त्यामुळे एक आख्खी फेरी पुन्हा. आदेश मार्चमध्ये हातात पडला.

जूनमध्ये मुलगी पहिलीत गेली. आई मला सांगायला आली.

"घेतली शालंत. पन एक वरीस घालवलंत, बाय."

"घालवलं," मी म्हटलं.

पंधरा दिवसांनी कळलं की शाळा सुटली की मुलगी घरी न जाता दप्तरासकट बालवाडीत येते आणि संध्याकाळपर्यंत तिथेच असते. मी आईला गाठलं. म्हटलं, "तिला घरी पाठव, अभ्यास करू दे."

"घरी आली तं भांडी हायतच," ती म्हणाली. "तितंच बसूं द्या."

पाळकसाहेबांनी मला न विचारता खिडकीजवळ तिच्यासाठी एक बाक आधीच टाकला होता.