चिमीचा हुंकार

माझी लेक हल्ली परीकथांची एक नवी मालिका मला मोठ्याने वाचून दाखवते. तिच्यातली चेटकीण दयाळू आहे आणि राजपुत्र भित्रा. काल ती म्हणाली, "बाबा, मधूनमधून हं म्हण ना."

आणि मी मनाने परळच्या हॉस्पिटलातल्या फिनेलच्या वासाच्या त्या दुपारी पोचलो. दादाची चिमी तापाने सुकली होती. तिच्यासाठी मी गोष्टीतल्या राक्षसाला लालबागच्या मसाला गल्लीत बिऱ्हाड करून दिलं होतं. मिरचीने शिंकून शिंकून बिचाऱ्याला कुणाला खाताच येईना.

"काका, तो तुझ्यासारखा ढेरपोट्या आहे?"

"माझ्याहून बारीक."

"हं."

आमच्या घरची रीत अशी, की ऐकणाऱ्याने हं म्हणत राहायचं. हं थांबला की झोप लागली समजून गोष्ट थांबवायची. चिमीचा हं थांबला. मी विजयी वीरासारखा कुजबुजलो, "झोपली बघ, वहिनी."

वहिनीने तिच्या कपाळाला हात लावला आणि नर्सला हाक मारली. चिमी गेली होती.

आता लेक वाचते आणि मी वाक्यावाक्याला हं म्हणतो.

"एवढं नको रे, बाबा," ती वैतागते.

"हं," मी म्हणतो.