निरोप्याचं काम

सरांनी आम्हांला एक वही करायला लावली होती. डाव्या बाजूला ग्रीक शोकांतिकेतला शब्द, उजवीकडे आपला मराठी. अमरावतीच्या कॉलेजात बी. ए.ला आम्ही मोजके नऊ जण, आणि अथेन्सात कोण कसं मेलं याचा अभ्यास करायचा! मी चांदूर बाजारजवळच्या खेड्यातला, माळ्याचा पोरगा. पण शब्द जुळवायचा भारी नाद. 'हमार्शिया'पुढे मी 'पाप' लिहिलं, तर सरांनी फुली मारली. "पाप नव्हे. भल्या माणसाची चूक. चांगलं करायला जातो आणि सगळं घालवून बसतो." मी लिहून घेतलं. कळलं काय, कपाळ!

एक शब्द मात्र मला मनापासून आवडला होता. त्या नाटकांत मरण सहसा समोर दाखवत नाहीत. ते आत घडतं, आणि एक माणूस बाहेर येऊन सांगतो. मी 'दूत' लिहिलं. सर म्हणाले, "दूत राजाचा असतो. हा साधा घरगडी. निरोप्या लिही. आणि ध्यानात ठेव, हा काही लपवत नाही. आधी मरण सांगतो, मग बाकीचं."

माझी ताई अमरावतीतच, राजापेठेत दिलेली होती. मी तिच्याकडेच जेवायला असे. त्या हिवाळ्यात तिचं दुसरं बाळंतपण होतं. दोन दिवस अडली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मूल पोटात घेऊनच गेली. तिच्या सासऱ्यांनी मला बाजूला घेतलं. "तुया आईले घेऊन ये. पण सांगू नको बरं. वाटेत तिलेच काही झालं तर? नुसतं म्हण, बोलावलं. दिवस बुडेपर्यंत थांबतो आमी."

आमच्याकडे रीतच ती. बातमी नेणारा 'तब्येत जरा नरम आहे' म्हणतो, आणि ऐकणारा त्याच्या तोंडावरून काय ते ओळखतो. मी मूर्खानं तोंडसुद्धा सांभाळलं.

बाप लहानपणीच गेलेला. आई एकटी मळ्यात वांगी तोडत होती. "ताईनं बोलावलं," म्हणालो आणि वरून हसलो.

"पोरगं झालं का पोरगी?"

"अजून नाही."

ती उठली, न्हाली, डिंक तळायला बसली. मी म्हटलं, राहू दे ते, मोटार जाईल. "बाळंतिणीकडे रिकाम्या हातानं जाऊ काय रे? तुले काहून इतकी घाई सुटली?" ती लाडू वळत होती आणि नातवाचं नाव काय ठेवायचं ते मला विचारत होती. मी चुलीपाशी बसून होतो. पाहणाऱ्याला सगळं माहीत आणि बोलणाऱ्याला काहीच नाही, याला सरांनी एक शब्द सांगितला होता. तो मला तेव्हा आठवला, अगदी अर्थासकट. सांगायला लाज वाटते. तोंड मात्र उघडलं नाही. दुपारची मोटार निघून गेली.

राजापेठेत पोचलो तेव्हा दिवे लागले होते. ओसरीवर माणसं ओल्या धोतरांनी बसली होती, उंबऱ्याशी कडुलिंबाचा डहाळा. आईनं पिशवी खाली ठेवली आणि माझ्याकडे वळली.

"कव्हा?"

"सकाळी."

"तुले मालूम होतं?"

मी मान डोलावली.

"माया लेकराचं तोंड तरी पाहू देलं असतं. मी अनवाणी पळत आली असती."

मी म्हणालो, तू वाटेतच खचली असतीस. "चूप राय," ती म्हणाली. मग ती खाली बसली आणि जी रडली, ती रडली.

पुढच्या उन्हाळ्यात बी. ए.चा निकाल लागला. पेढे घेऊन गावी गेलो. आई अंगणात तूर पाखडत होती. मी हसत हसत फाटकातून आत शिरलो, तशी ती सूप टाकून उभी राहिली.

"हासू नको," ती म्हणाली. "पहिले सांग, कोण मेलं?"